तारीख काय? पैशांच्या इंग्रजी वाक्प्रचारांनी शिकवलेला एक प्रश्न

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये आम्हा प्रत्येकाला दहा मिनिटांचं एक सादरीकरण करायचं होतं. विषय खुला. माझं एम.एस्सी. रसायनशास्त्रातलं, आणि संशोधन तांब्यावर चढणाऱ्या कळंकाचं. म्हणून जुन्या तांब्याच्या नाण्यांपासून सुरुवात करायचं ठरवलं. दुपारची वेळ, वर्ग पेंगणार हे माहीत होतं. म्हणून पहिल्याच स्लाइडवर एक जोरदार वाक्य टाकलं : इंग्रजीतलं 'आय डोन्ट गिव्ह अ डॅम' ही शिवी नाही, त्यातला 'डॅम' म्हणजे आपला तांब्याचा 'दाम'!

वर्ग खरंच जागा झाला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी फोटो काढला. मागच्या बाकावर भाषा विभागातले एक ज्येष्ठ सर पाहुणे म्हणून बसले होते. त्यांनी हात वर केला आणि शांतपणे विचारलं, "अगं, छान आहे. पण तारीख काय?"

मला प्रश्नच कळला नाही. "कसली तारीख, सर?"

"इंग्रजीत हा वाक्प्रचार पहिल्यांदा कधी लिहिलेला सापडतो? आणि तो दामावरून आला असं पहिल्यांदा कोण म्हणालं, कधी म्हणालं?"

दोन्ही माहीत नव्हतं. मी ते कुठेतरी वाचलं होतं, एवढंच. त्या दिवशी खाली बसले ती कान लाल करूनच. तुमच्यापैकी जे आता पेट देऊन संशोधनाकडे येताय, त्यांनी हा प्रश्न माझ्यासारखा वर्गासमोर ऐकण्याआधी घरीच स्वतःला विचारावा, म्हणून हा लेख. उदाहरणं मात्र रसायनशास्त्रातली नाहीत, पैशांच्या इंग्रजी वाक्प्रचारांची आहेत. कारण ती कळायला कुठलीही पदवी लागत नाही, आणि चूक कशी होते ते त्यात लख्ख दिसतं.

दामाची गोष्ट इतकी गोड का वाटते?

कारण तिच्यातला अर्धा भाग अगदी खरा आहे. दाम हे खरंच नाणं होतं. अकबराच्या काळात साधारण २० ग्रॅम वजनाचा तांब्याचा दाम चालायचा आणि ४० दामांचा एक रुपया धरला जायचा. दामाचा आठवा हिस्सा म्हणजे दमडी. शब्द तर त्याहून जुना. ग्रीक 'ड्राख्मा'पासून संस्कृत-प्राकृतात 'द्रम्म' झाला आणि द्रम्माचा पुढे दाम झाला. म्हणजे 'दाम करी काम' म्हणताना आपण न कळत ग्रीक नाण्याचं नाव घेत असतो. नाणं गेलं, पण आपल्या बोलण्यात ते शाबूत आहे : चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, दीडदमडीचा माणूस.

आता इंग्रजीत 'मला काडीची पर्वा नाही' या अर्थाने 'डॅम' येतो आणि मराठीत क्षुल्लकपणा सांगायला दमडी येते. आवाज जुळला, अर्थ जुळला. त्यात इंग्रज इथे दीडशे वर्षं राज्य करून गेले, आपले शेकडो शब्द घेऊन गेले. मग हाही नेला असणार, नाही का? शिवाय मनातल्या मनात थोडं बरंही वाटतं : बघा, साहेबाच्या तोंडी आमचा दाम!

ही 'बरं वाटणारी' जागा लक्षात ठेवा. आपली तपासणी नेमकी तिथेच ढिली पडते.

आधी तारीख लावून बघू

या गोष्टीचा सगळ्यात लोकप्रिय नायक म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजेच ऑर्थर वेलस्ली. हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई जिंकली. इथे राहिलेला, दाम-दमडीचा हिशोब कानावरून गेलेला माणूस. पुढे इंग्लंडात 'टूपेनी डॅम' हा शब्दप्रयोग त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. मॅकॉलेने १८४९ मधल्या एका पत्रात तो 'ड्यूक म्हणतात तसं' अशा थाटात वापरला आहे. 'टूपेनी' म्हणजे दोन पेन्सांचा. दोन पेन्सांची किंमत असलेली वस्तू नाणंच असणार, असा तर्क सहज होतो. वेलिंग्टनने भारतातून तो शब्द नेला आणि इंग्रजीत रुजवला, अशी गोष्ट तयार!

आता दुसरी तारीख घ्या. ऑलिव्हर गोल्डस्मिथ हा लेखक १७६० मध्ये लंडनच्या 'पब्लिक लेजर' या दैनिकात एका काल्पनिक चिनी तत्त्ववेत्त्याची पत्रं लिहीत होता. १७६२ मध्ये ती 'द सिटिझन ऑफ द वर्ल्ड' या नावाने पुस्तकरूपात आली. त्यातल्या एका पत्रात एक पात्र 'तीन डॅम'इतकीही पर्वा नसल्याचं सांगतं. अर्थ तोच, रचना तीच.

आणि वेलिंग्टनचा जन्म? १७६९.

एवढंच. एका तारखेत नायक गेला. जो वाक्प्रचार आपल्या जन्माआधी लंडनच्या दैनिकात छापून आला, तो आपणच भारतातून नेला असं होऊ शकत नाही.

पण थांबा, इथे घाई करू नका. वेलिंग्टन बाद झाला म्हणून भारत बाद होत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे लोक सतराव्या शतकापासून सुरतेत व्यापार करत होते. त्यांच्यापैकी कुणी शब्द नेला नसेल कशावरून? हा रास्त प्रश्न आहे आणि त्याला तारीख पुरत नाही. इथे दोन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, मधला दुवा. कंपनीच्या माणसांच्या पत्रांत 'दाम' हे नाणं याच अर्थाने, याच रचनेत वापरलेलं दिसायला हवं. भारतातून लंडनपर्यंतचं एखादं तरी पाऊल उमटलेलं हवं. तसं काही पुढे आलेलं नाही. दुसरी, घरातलं सोपं स्पष्टीकरण. इंग्रजीत 'पर्वा नाही' म्हणायला गवताची काडी, अंजीर, बटण अशा फालतू वस्तू पूर्वीपासून वापरतात. 'शाप' या अर्थाचा शब्दही तसाच येतो. 'डॅम' हा शिव्याशापाचा शब्द फ्रेंच-लॅटिनमार्गे इंग्रजीत शतकानुशतकं नांदत होता. तो त्या रांगेत जाऊन बसला, यात नवल काय? घरात पिठाचा डबा भरलेला असताना शेजारणीने वाटीभर पीठ दिलं असणार, असं मानायला काहीतरी कारण लागतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाने तर स्पष्टच नोंदवलं आहे की दामाची कल्पना चतुर आहे, पण तिला आधार नाही.

मग गोष्ट आली कुठून?

हा सरांचा दुसरा प्रश्न, आणि खरी शिकवण यातच आहे. मी शोधत गेले ती पोचले 'हॉब्सन-जॉब्सन'पर्यंत. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी केलेला हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा पुकारा गोऱ्या शिपायांच्या तोंडी जाऊन त्याचं जे झालं, ते या कोशाचं नाव. त्यात 'दाम' या नोंदीखाली नाण्याची सविस्तर माहिती आहे, आणि शेवटी थोड्या मिश्कील सुरात एक शक्यता मांडली आहे : असभ्य बोलणाऱ्यांच्या तोंडचा तो इंग्रजी उद्गार इथूनच निघाला असावा, म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात शिवी असली तरी शब्दाच्या व्युत्पत्तीत ती नाही.

मिश्कील सूर आणि 'असावा' या दोन्ही गोष्टी नीट वाचा. यूल-बर्नेल यांनी ही एक सूचना म्हणूनच लिहिली. 'सिद्ध झालं' असं ते कुठेच म्हणत नाहीत. पुढच्याने ती वाचली आणि 'असं म्हणतात' लिहिलं. त्याच्या पुढच्याने 'असं मानलं जातं' लिहिलं. आणि कित्येक हातांनंतर एका स्लाइडवर मी लिहिलं : 'आला आहे'. मधल्या कुणीही खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाने फक्त एकेक 'कदाचित' गाळला होता.

नाक कापलं की मोजलं?

एकदा हा नाद लागला की पैशांचा प्रत्येक वाक्प्रचार संशयित दिसू लागतो. एखाद्या वस्तूसाठी अवाच्या सवा पैसे मोजावे लागले की इंग्रजीत 'पे थ्रू द नोज' म्हणतात, म्हणजे नाकातून पैसे देणं. याची गोष्ट अशी सांगतात : नवव्या शतकात आयर्लंडवर डेन लोकांनी कर बसवला, आणि जो तो भरणार नाही त्याचं नाक चिरायचे. भयंकर आहे, म्हणून डोक्यात राहते.

तारीख लावा. इंग्रजीत हा वाक्प्रचार छापलेला सापडतो तो १६६० च्या दशकापासून. मध्ये आठशे वर्षं गेली! एवढ्या काळात हा वाक्प्रचार लोकांच्या तोंडी असता तर कुठल्या कवितेत, नाटकात, कज्ज्याच्या कागदात तो एकदाही उमटू नये? गोष्टीचा पत्ताही पक्का नाही. कुणी ती आयर्लंडची सांगतं, कुणी स्वीडनमध्ये ओडिन देवाने दर नाकामागे एक पेनी घेतल्याची. जी गोष्ट सांगणाऱ्यागणिक देश बदलते, तिच्यापासून सावध राहावं.

पण गंमत म्हणजे 'नाकाचा कर' ही कल्पना अगदीच हवेतली नाही. जुन्या नॉर्स भाषेत दरडोई कराला 'नेफगिल्दी' असा शब्द आहे, शब्दशः नाकपट्टी. आपण माणसं डोईने मोजतो आणि दरडोई, डोईपट्टी म्हणतो. ते नाकाने मोजत. उद्या कुणी परदेशी विद्वानाने 'डोईपट्टी' वाचून मराठे कर न भरणाऱ्यांची डोकी उडवत असत असं लिहिलं, तर आपल्याला हसू येईल ना? तसंच हे.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. 'स्पेंड अ पेनी', म्हणजे शब्दशः पेनी खर्च करणं. अर्थ मात्र लघवीला जाऊन येणं. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेसचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे जॉर्ज जेनिंग्ज या प्लंबिंगच्या उद्योजकाने पैसे देऊन वापरायची स्वच्छतागृहं बसवली आणि आठ लाखांहून जास्त लोकांनी एकेक पेनी देऊन ती वापरली. पण वाक्प्रचार म्हणून याची छापील नोंद मिळते ती थेट १९४० च्या दशकातली. इथेही जवळपास शंभर वर्षांची फट आहे. मग हीही गोष्ट खोटी म्हणायची?

नाही. कारण इथे वाक्प्रचार छापला गेला तेव्हा प्रथा जिवंत होती. ब्रिटनमधल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या दारांवर पेनी टाकायची कुलपं पुढेही कित्येक वर्षं होती. बोलणाऱ्याच्या हातात खरंच पेनी होती. आणि असा विषय लोक बोलतात, पण लिहीत नाहीत. म्हणून नोंद उशिरा मिळणं समजण्यासारखं आहे. मात्र 'हा वाक्प्रचार १८५१ च्या प्रदर्शनातच जन्मला' असं कुणी म्हणालं तर ते वेगळं विधान झालं, आणि त्याला वेगळा पुरावा लागेल.

म्हणजे बघा, नुसती फट मोजून भागत नाही. प्रथा आणि शब्द यांचा काळ एकमेकांवर येतो का, आणि नोंद नसण्याला काही साधं कारण आहे का, हे विचारावं लागतं. प्रयोगशाळेत 'सिग्नल मिळाला नाही' म्हणजे 'पदार्थ नाही' असं आपण म्हणत नाही. आधी यंत्राला तो दिसण्यासारखा होता का, ते पाहतो. तसंच इथे.

मोठ्या नावांकडे वाहणारं पाणी

बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावर पैशाची दोन वाक्यं जगभर चालतात. एक, 'वेळ म्हणजे पैसा'. दुसरं, 'वाचवलेली पेनी म्हणजे कमावलेली पेनी'. पहिलं त्याने १७४८ मध्ये एका तरुण व्यापाऱ्याला दिलेल्या सल्ल्यात खरंच लिहिलं आहे. पण तेच वाक्य लंडनच्या 'द फ्री-थिंकर' या नियतकालिकात १७१९ मध्येच येऊन गेलं होतं. तेव्हा फ्रँकलिन तेरा वर्षांचा होता. दुसरं वाक्य त्याने त्या रूपात लिहिलेलंच नाही. त्याच्या पंचांगात १७३७ मध्ये याच आशयाचं एक वाक्य आहे, पण त्यात वाचलेल्या पेनीचे दोन पेन्स होतात. आणि दुपटीची ही कल्पना जॉर्ज हर्बर्टच्या १६४० मध्ये छापलेल्या म्हणींच्या संग्रहातही सापडते.

आपल्याला हे नवीन नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पु. लं.च्या नावाने फिरणारे किती मजकूर पु. लं.नी लिहिलेले असतात? वाक्य चांगलं असलं की ते ओळखीच्या नावाकडे वाहत जातं. शोधनिबंधांतही असंच घडतं. कल्पना एकाची, मोजमाप दुसऱ्याचं, आणि सगळे हवाले तिसऱ्या प्रसिद्ध लेखाला. मूळ मोजणारा राहतो बाजूला.

मग वाक्प्रचारांवर विश्वास ठेवायचाच नाही?

ठेवायचा, पण त्यांना झेपेल तेवढ्याच कामासाठी. 'पेनी वाइज, पाउंड फूलिश' घ्या. म्हणजे पेनीपुरता शहाणा, पाउंडाला मूर्ख. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो वापरात आहे. रॉबर्ट बर्टनच्या १६२१ च्या ग्रंथातही येतो. त्याची खरी धार कळायला जुना हिशोब माहीत हवा. तेव्हा १२ पेन्सांचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पाउंड होता, म्हणजे पाउंडाचे २४० पेन्स. १५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटनने दशमान चलन घेतलं आणि पाउंडाचे १०० पेन्स झाले. मूर्खपणा निम्म्याहून स्वस्त झाला, पण वाक्प्रचार तसाच राहिला.

आपल्याकडेही १ एप्रिल १९५७ ला आणे गेले आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. ३० जून २०११ ला २५ पैशांचं नाणंही चलनातून गेलं. तरी गोष्ट 'सोळा आणे खरी' असते आणि चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लागतोच. चार आणि बारा मिळून सोळा, म्हणजे पुरा रुपया, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. नाणं संपल्यावरही त्याचा हिशोब भाषेत टिकतो. याबाबतीत वाक्प्रचार हा चांगला साक्षीदार आहे.

आणि भारताशी नातं हवंच असेल तर तेही आहे, फक्त वेगळ्या दारातून. इंग्रजीत 'कॅश' हे दोन वेगळे शब्द आहेत. रोख रक्कम या अर्थाचा 'कॅश' आला पेटी या अर्थाच्या फ्रेंच-इटालियन शब्दावरून, गल्ल्याच्या पेटीवरून. पण पूर्वेकडच्या बारीक किमतीच्या नाण्यांना इंग्रज 'कॅश' म्हणत, तो शब्द आला पोर्तुगीजांमार्फत, तमिळ 'कासु'पासून. त्याच्या मागे संस्कृत 'कर्ष' हे वजन आहे. इथे मधला दुवा कोण, हे सांगता येतं. दामाच्या बाबतीत नेमकं तेच येत नाही. फरक देशाभिमानाचा नाही, पुराव्याचा आहे.

आणि माझं तांबं

हे सगळं मला मजेशीर वाचन वाटत होतं, दुसऱ्या वर्षापर्यंत. तेव्हा कळंकाच्या थराबद्दलच्या एका आकड्यावर मी माझ्या प्रयोगांचा अख्खा आराखडा उभा केला होता. पाच लेखांत तोच आकडा होता. पाच म्हणजे भक्कमच, असं वाटलं. माझे प्रयोग मात्र जुळेनात. चार महिने मी स्वतःच्या हातांना, उपकरणाला, रसायनांना दोष दिला. शेवटी एका रात्री सरांचा प्रश्न आठवला आणि पाचही लेखांचे हवाले मागे मागे शोधत गेले. पाचवा चौथ्याकडे बोट दाखवत होता, चौथा दुसऱ्याकडे. सगळी बोटं एकाच जुन्या लेखावर जाऊन थांबली. तो मागवला. त्यात तो आकडा मोजलेला नव्हता. लेखकांनी अंदाज म्हणून दिला होता, आणि प्रत्यक्ष मोजून पाहायला हवा असंही लिहिलं होतं. ते वाक्य पुढे कुणी उचललंच नाही, आकडा तेवढा उचलला.

पाच साक्षीदार नव्हतेच. एकच होता, आणि तोही 'कदाचित' म्हणाला होता.

तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहिले आहेत. हे पहिल्यांदा कोणी आणि कधी म्हटलं? त्याने नेमके कोणते शब्द वापरले, 'आहे' की 'असावं'? आणि तिथून माझ्यापर्यंत ते कुठल्या हातांतून आलं? साहित्याचा आढावा लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक महत्त्वाच्या विधानाला हे तीन प्रश्न विचारा. सगळ्या विधानांना विचारायला वेळ पुरणार नाही. पण ज्या विधानावर तुमचा प्रयोग उभा आहे, त्याला तरी विचाराच. मूळ लेख मिळत नसेल तर ग्रंथालयात जाऊन मागा, लेखकांना ईमेल करा, पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचून मूळ लेखाचा हवाला देऊ नका. आणि एखादी गोष्ट वाचून फार आनंद झाला, तर तिला चौथा प्रश्नही विचारा : हे खरं असावं असं मला का वाटतंय?

तो आकडा आता मीच मोजते आहे. जुना अंदाज बरोबर होता की चूक, हे अजून सांगता येत नाही. सांगता येईल तेव्हा तारखेसकट सांगेन.